लाल दिव्यावरची पट्टी

पुस्तकांच्या पिशवीचा धक्का लागला आणि कॅमेऱ्याची तिपाई पाण्याकडे कलली.

भद्राने झेप घेतली. एका हातात तिपाईचा पाय, दुसऱ्या हातात कॅमेरा... दोन्ही गच्च धरून ती बोटीच्या धक्क्याच्या अगदी काठावर गुडघ्यांवर बसली. कॅमेरा फिल्म संस्थेचा होता, तिच्या सहीवर बाहेर आलेला. आणि फळ्यांच्या फटींतून खाली केरळातल्या कैतत्तरा गावच्या खाडीचं हिरवट, आळसावलेलं पाणी दिसत होतं.

"पडलं नाही ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"कोण? कॅमेरा की मी?"

"...दोघंही."

ती वळली. सव्विसेक वर्षांचा एक तरुण उभा होता. कमरेचं मुंडू लुंगीसारखं गुडघ्यापर्यंत दुमडून खोचलेलं, खांद्यावर खाकी कापडाची जडशीळ पिशवी, आणि देवळातली पेटती समई पाडल्यासारखा अपराधी चेहरा. पिशवीतली तीन पुस्तकं ओल्या फळ्यांवर पालथी पडली होती. पण तो ती उचलत नव्हता. तिच्याकडेच बघत होता.

"तुमची पुस्तकं भिजतायत," ती म्हणाली.

"वाळतील. कॅमेरे वाळत नाहीत म्हणतात."

हसू नये असं तिने ठरवलं होतं. तरी आलंच.

त्याचं नाव प्रशोभ. गावच्या वाचनालयाचा तो ग्रंथपाल. दर मंगळवारी पुस्तकं घेऊन निघायचं आणि ज्यांना वाचनालयापर्यंत येता येत नाही अशा बायकांच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी ती पोचवायची, हे त्याचं काम. पिशवी धक्क्यावरच्या वावच्चनच्या चहाच्या टपरीत ठेवायची आणि तिथून घरोघर जायचं.

"आणि तुम्ही?" त्याने विचारलं.

"मी अनोळखी माणसांना प्रश्न विचारते."

"फुकट?"

"शिक्षणासाठी."

खरं म्हणजे, शिक्षण टिकवण्यासाठी. भद्रा दिग्दर्शनाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची पहिली छोटी फिल्म पाहून कुरियन सर हळू आवाजात म्हणाले होते, "भद्रा, तुझी माणसं तू लिहून दिलेलं बोलतात. खरं माणूस बोलताना कधी ऐकलं आहेस का?" आता ही दुसरी फिल्म. दहा मिनिटांची, पुढच्या बुधवारी सकाळी दहा वाजता दाखवायची. ती पडली तर दिग्दर्शनाचा वर्ग सुटणार होता. मग आयुष्यभर दुसऱ्यांच्या फिल्मा जोडत बसायचं.

म्हणून ती या धक्क्यावर आली होती. इथे माणसं बोटीची वाट पाहत बसतात. त्यांना एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही शेवटची वाट कुणाची पाहिलीत? आणि मग गप्प बसायचं.

तिने एक युक्तीही केली होती, आणि तिचा तिला फार अभिमान होता. कॅमेरा सुरू झाला की पुढे एक लाल दिवा लागतो. तो दिसला की माणसं सदऱ्याची बटणं लावतात, घसा खाकरतात, भाषण ठोकतात. म्हणून तिने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. शिवाय ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहणार नव्हती. तो बाकावर रोखून ठेवायचा, आपण शेजारी स्टुलावर बसायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत ऐकायचं. बोलण्याआधी एकदा बटण दाबायचं, बोलणं संपलं की पुन्हा एकदा. बस.

पण मघाशी कॅमेरा सावरताना तिचा अंगठा त्या बटणावर पडला होता. ते तिलाही कळलं नाही आणि प्रशोभलाही. काळ्या पट्टीखाली लाल दिवा गुपचूप लागला.

* * *

पहिला आला बदकवाला कुट्टप्पन. कमरेला गमछा, हातात लांब काठी.

"शेवटची वाट?" तो विचारात पडला. "एका बदकाची, मोळे, पोरी. तीनशे वीस सोडली होती, तीनशे एकोणीस आली. एका बदकासाठी कोण थांबतं? मी थांबलो. अंधार पडेपर्यंत पाण्यात उभा होतो..." मग एकदम आवाज खाली आणून तो म्हणाला, "बायकोला सांगू नका. तिला सांगितलंय, बोट चुकली."

मग एक परिचारिका आली, जेमतेम एकवीस वर्षांची. "वॉर्डात एक आजोबा होते," ती म्हणाली. "रोज सकाळी मला शिव्या द्यायचे. सुई टोचली की शिवी, पाणी दिलं की शिवी. एका सकाळी काहीच बोलले नाहीत. मी पलंगाशी उभी राहिले... वाट बघत. एक तरी शिवी द्या म्हटलं." तिने पर्सची चेन उघडली, लावली. पुन्हा उघडली. "नाही दिली."

एक म्हातारा नुसता बसला. प्रश्न ऐकला, हसला, मान हलवली. बोट आल्यावर उठला, भद्राच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

भद्राच्या अंगावर काटा येत होता, आणि तो जायला तयार नव्हता. पाच मिनिटांपूर्वी ज्याचं नाव ठाऊक नव्हतं, ते माणूस आपलं काळीज असं ओंजळीत काढून दाखवतं, आणि भोंगा वाजला की चपला सरकवून चालू लागतं! एवढं सगळं अंगात बाळगून ही माणसं रोज कांदे विकत घेतात, बोटीत जागेसाठी भांडतात. तिला वाटलं, आपण देवळात शिरलो आहोत आणि पायातलं काढायचं राहून गेलं आहे.

दोन माणसांच्या मधे बाक रिकामा होई. आणि दर वेळी, कसा कोण जाणे, प्रशोभ दोन पुस्तकं पोचवून परत आलेला असे. येऊन बाकावर बसे.

"तुम्हीही सांगा की," ती म्हणाली. "कुणाची वाट पाहिलीत?"

"मला नको. कॅमेऱ्यासमोर तर नाहीच."

"का? दिसायला वाईट नाही आहात."

"हे कॅमेरा म्हणतोय की तुम्ही?"

"कॅमेरा मत देत नाही."

"मग तुम्हीच." तो जिंकल्यासारखा हसला, आणि दुसऱ्याच क्षणी गंभीर झाला. "मी लोकांच्या घरांत जातो. कुणाच्या उशाखाली काय आहे, कुणाच्या चुलीवर काय नाही, सगळं दिसतं. माझं तोंड एकदा उघडलं की दारं बंद होतील."

"बरं. आत्ता कॅमेरा बंद आहे. हे बघा, हात मांडीवर."

वावच्चनने केळ्याची गरम भजी आणून मधे ठेवली. वर कुठेतरी परतीच्या पावसाचं दुपारचं गडगडणं सुरू झालं होतं.

"त्या वळणापलीकडे तंकम्मा राहते," तो हळूच म्हणाला. "दर मंगळवारी एक पुस्तक घेते. जाड लागतं. पुढच्या मंगळवारी परत देते. शेवटच्या पानावर आंब्याचं पान ठेवलेलं असतं, वाचून झालं म्हणून. मी विचारतो, कसं होतं? ती म्हणते, शेवट नाही आवडला."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली. आता तिला पुस्तकाचा रंगही दिसत नाही."

भद्राच्या हातातली भजी हातातच राहिली. "मग... तू बोलत का नाहीस?"

"काय बोलू? मला ठाऊक आहे हे तिला कळलं, तर ती लाजेल. पुस्तक घेणं बंद करेल. मग मी कुठल्या निमित्ताने जाऊन बसू? म्हणून मी त्या आजीला म्हणतो, अम्मूम्मा, पहिली चार पानं वाचून दाखवतो, आवडतं का बघ. मग चाराची चाळीस होतात."

ती काही बोलली नाही. तोही बोलला नाही. फळ्यांखाली पाणी चुबुकचुबुक करत राहिलं... आणि हा अबोला कुणीच मोडू नये असं तिला वाटत राहिलं.

शेवटचा माणूस बोलून गेला. तिने बटण दाबलं आणि पुन्हा बाकाकडे तोंड करून बसली. दोघं पाऊस येईल की नाही यावर उगाच भांडत होती, तेवढ्यात कॅमेऱ्यातून खट् आवाज आला. टेप संपली होती. साठ मिनिटं, बरोबर हिशेबात. तिला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली; बंद कॅमेऱ्यात टेप संपते कशी, हे तिच्या मनातही आलं नाही.

* * *

गुरुवारी संकलनाच्या खोलीत तिने टेप लावली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

पडद्यावर रिकामा बाक. मग कुट्टप्पन आला, बसला, गमछा सारखा केला, तोंड उघडलं... आणि चित्र तुटलं. पुढचं चित्र, कुट्टप्पन उठतो आहे. परिचारिका येते, बसते. तुटलं. परिचारिका उठते आहे. उत्तरं नव्हतीच. एकही नव्हतं. पहिल्या धक्क्यापासून सगळं उलटं झालं होतं. ती सुरू करते आहे असं समजत होती तेव्हा कॅमेरा बंद होत होता, आणि बंद करते आहे असं समजत होती तेव्हा...

तेव्हा प्रशोभ बाकावर येऊन बसत होता.

ती टेप थांबवणार होती. हात पुढे गेला, पण थांबवली नाही. कारण आता तिला दिसायला लागलं होतं. बोलून झाल्यावर कुट्टप्पन गमछ्याने डोळे पुसतो, हे तिने तिथे पाहिलंच नव्हतं. ती कागदावर पुढचा क्रमांक लिहीत होती. बोट येऊन लागली तरी परिचारिका एक क्षण बसून राहते, जड ओझं खाली ठेवल्यावर माणूस उभं राहतं तशी. उत्तरं गेली होती. उत्तरांनंतरचे चेहरे राहिले होते.

आणि दर वेळी मधे, तो. वावच्चनचा आवाजही टेपवर आला होता, लांबून, तिने त्या दिवशी न ऐकलेला. "काय रे प्रशोभ, इतर मंगळवारी दहा घरं एका फेरीत करतोस. आज दोन घरं झाली की परत येतोयस. पाय दुखत नाहीत?"

"गप बसा हो, वावच्चन चेट्टा."

तिने टेप मागे नेली. पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

ती पाण्याकडे बघत असताना तो तिच्याकडे बघत होता. आणि तिचा स्वतःचा आवाज! इतका हलका, इतका सावकाश. हा आवाज माझा? तंकम्माची गोष्ट सुरू झाली तेव्हा ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती. दुसऱ्याच प्रश्नात 'तू' म्हणाली होती. दोघांनाही पत्ता नव्हता.

"थांबवू नकोस." कुरियन सर कधी मागे येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं, मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पहिल्यांदाच तू ऐकते आहेस. हा पुस्तकवाला म्हणजे तुझी फिल्म. बाकीचे चेहरे त्याच्या भोवती."

"सर, तो कॅमेऱ्यासमोर नको म्हणाला होता. मी त्याला सांगितलं, बंद आहे."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग तुझ्याकडे फिल्म नाही," ते मऊपणे म्हणाले. "बुधवारी दहा वाजता काय ते सांग."

* * *

मंगळवारी ती धक्क्यावर उतरली तेव्हा तो बाकावर बसला होता. पिशवी मांडीवर, केस विंचरलेले. तिला पाहून तो उभा राहिला, आणि उभं राहिल्याबद्दलच लाजला.

तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. अंगठा, काळी पट्टी, तंकम्मा, सर. जसजशी ती बोलत गेली तसतसं त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं.

"बंद आहे म्हणाली होतीस."

"मला तसंच वाटत होतं. देवाशप्पथ."

"कुणी कुणी ऐकलं?"

"मी. आणि सरांनी."

तिने टेप त्याच्या हातात ठेवली. "ही एवढी एकच आहे. दुसरी काढलेली नाही. पाण्यात टाक, घरी ने... तुझी आहे."

त्याने टेप तळहातावर तोलली. "आणि उद्या काय दाखवणार?"

"काही नाही."

"मग?"

"मग संकलन. तसं वाईट नाही. त्या खोलीत पंखा आहे."

त्याला हसू आलं नाही. पण ओठाचा एक कोपरा थोडासा हलला आणि तिचा जीव थोडासा भांड्यात पडला.

"ही माझी नाही, भद्रा," तो म्हणाला. "तंकम्माची आहे. कॅमेरा घे. चल."

छोट्या होडीतून दोघं वळणापलीकडे गेली. तो वल्ही मारत होता. आज दोन वर्षांचे मंगळवार पणाला लागले होते, आणि ते तिच्यामुळे.

तंकम्मा ओट्यावर बसून नारळाच्या झावळीचे हीर काढत होती. पाऊल वाजताच म्हणाली, "आज दोघं आहात. दुसरीची पावलं हलकी आहेत, आणि घाबरलेली आहेत."

प्रशोभ तिच्यासमोर उकिडवा बसला. "अम्मूम्मा... तुला आता वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे."

विळी थांबली.

"आणि तुला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे," तंकम्मा म्हणाली. "मागच्या महिन्यात आंब्याचं पान मुद्दाम पहिल्या पानावर ठेवून दिलं. म्हटलं, आता तरी हा बोलेल. तर विचारतो कसा, कसं होतं! मीही सांगितलं, शेवट नाही आवडला."

"मग इतके दिवस तू..."

"तू लाजला असतास रे, मोने, माझ्या लेकरा. यायचा बंद झाला असतास."

प्रशोभने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, ते भद्राला कळेना. बहुधा त्यालाही कळत नव्हतं.

मग भद्राने आपली चूक सांगितली. म्हातारीच्या कानांना कॅमेऱ्याचे हेडफोन लावले आणि टेप सुरू केली. तंकम्मा ताठ बसून ऐकत होती. सुरकुत्यांवरून आधी आश्चर्य सरकलं, मग खट्याळपणा, मग असं काहीतरी की भद्राला तिच्याकडे टक लावून बघवेना.

"मोळे," तिने हेडफोन काढले, "या यंत्रात मधे मधे नुसतं पाणीच ऐकू येतं."

"तेव्हा आम्ही बोलत नव्हतो, अम्मूम्मा."

"तेच म्हणते मी. बरंच बोलत नव्हता." तिने हीर पुन्हा हातात घेतला. "माझे हे होते ना, आमचं लग्न ठरायच्या आधी याच धक्क्यावर आम्ही असंच काही बोलत नसू. तासन्‌तास. ज्यांना डोळे आहेत त्यांना हे दिसत नाही वाटतं?"

प्रशोभला ओट्याखालच्या कोंबडीत एकदम फार रस वाटू लागला. भद्राच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"दाखव तुझी फिल्म," तंकम्मा म्हणाली. "गाव काय, सगळं जग बघू दे. मला लाज कसली? लाज असेल तर याला विचार."

प्रशोभ कोंबडीकडे बघतच म्हणाला, "दारं उघडी राहणार असतील... तर माझी ना नाही."

"उघडीच राहतील. उलट सगळ्याजणी जाड पुस्तकं मागतील. आणि ए, पुढच्या मंगळवारी निमित्त नाही म्हणून पुस्तक आणायला विसरू नकोस. शेजारणी काय म्हणतील?"

* * *

परत धक्क्यावर आली तेव्हा पाचची बोट यायला थोडा वेळ होता. पाऊस पडून गेला होता. झावळ्यांवरून थेंब ओघळत होते, एकेक करून, घाई नसल्यासारखे.

"तिपाई लाव," प्रशोभ म्हणाला. "आणि तू बाकावर बस."

"मी?"

"नवी टेप घाल. मला फक्त बटण दाखव. आज पिशवी लांब ठेवली आहे."

ती बसली. बाक अजून ओला होता. त्याने वाकून कॅमेऱ्यावरची काळी पट्टी नखाने सोडवली, हलकेच, जखमेवरची सोडवावी तशी. बटण दाबलं. लाल दिवा लागला, इवलासा, लुकलुकणारा. तो स्टुलावर बसला आणि त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तू शेवटची वाट कुणाची पाहिलीस?"

किती साधा प्रश्न! स्वतःच्याच डोक्यातून निघालेला. आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. कुट्टप्पन, ती परिचारिका, डोक्यावर हात ठेवून गेलेला तो म्हातारा... या बाकावर बसून, एका परक्या मुलीसाठी, ही माणसं बोलली कशी? कुठून आणलं असेल त्यांनी एवढं धैर्य? तिला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"मंगळवारची," ती कशीबशी म्हणाली.

"मंगळवारची, की..."

"प्रश्न एकदाच विचारायचा असतो. मग गप्प बसायचं असतं."

तो गप्प बसला. छान बसला. पाणी चुबुकचुबुक करत होतं. पाचची बोट भोंगा वाजवत आली, धक्क्याला लागली. माणसं उतरली, चढली. कुणीतरी ओरडलं, "काय हो, यायचं का?" ती जागची हलली नाही. बोट निघून गेली, आणि तिच्या लाटा फळ्यांखाली येऊन एकेक करून विझल्या.

"तुझी," भद्रा म्हणाली.

लाल दिवा जळत होता. बटणाकडे कुणाचाच हात गेला नाही.

* * *

बुधवारी दहा वाजता दिवे मालवले. दहा मिनिटांनी लागले, तेव्हा वर्गात एकही खुर्ची करकरली नाही. मग मागून कुणीतरी शीळ घातली आणि सगळे एकदम बोलू लागले. कुरियन सर पुढच्या रांगेत तसेच बसून होते.

"तो शेवटचा शॉट," ते म्हणाले. "बोट निघून जाते तो. चौकट जरा वाकडी आहे."

"हो, सर."

"तशीच ठेव." ते वळले. चष्म्यामागे डोळे ओलसर होते, किंवा तिला तसं वाटलं. "कॅमेऱ्यामागे कोण होतं?"

"एक अनोळखी माणूस, सर."

"अनोळखी?"

भद्राने क्षणभर खाली पाहिलं. तिच्या वहीत एक आंब्याचं पान होतं, शेवटच्या पानावर ठेवलेलं.

"...होता," ती म्हणाली.